साधा श्वास

देवबाग, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय मिहीर,

फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या जहाजावर फोटो पोचत नाहीत, म्हणून ही ई-मेल. मी हिला पत्रच म्हणणार. आधी मुद्दा सांगते, नाहीतर नेहमीसारखं अर्ध्यात सोडून इंजिनरूममध्ये पळशील. बाबांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली आहे, आणि ती चांगली नाही.

आता नीट बस आणि वाच. दरवर्षी पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला न्यायचा हंगाम सुरू व्हायच्या आधी हे फिटनेसचा कागद आणतात, तसे यंदाही कुडाळला गेले. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या काविळीची चौकशी केली, रक्त तपासलं आणि वर सोनोग्राफीही केली. तुझ्या जन्माआधीची ती कावीळ इतकी वर्षं अंगात दबा धरून बसली होती म्हणे. यांना दुखत खुपत काहीच नाही. कालसुद्धा होडीचं इंजिन खांद्यावर घेऊन वाळूतून चालत आले आणि मलाच म्हणाले, "माका काय झालेला नाय. डॉक्टरांका काम नाय म्हणान माझ्या पाठी लागलेत."

मग शेजारच्या शिवाची गाडी करून आम्ही गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. स्कॅनच्या खोलीबाहेर मी तंत्रज्ञ पोराला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. सगळा जन्म मालवणात विज्ञान शिकवण्यात गेला, ती खोड आता जायची नाही. हाताच्या शिरेतून औषध सोडतात, ते रक्ताबरोबर लिव्हरमध्ये पोचतं, आणि मशीन पुन्हा पुन्हा चित्रं घेतं. एकदा धमन्या उजळतात तेव्हा, एकदा शिरा भरतात तेव्हा, आणि एकदा सगळं ओसरायला लागतं तेव्हा. खाडीच्या तोंडाशी उभं राहून भरती-ओहोटीचे फोटो काढावेत तसं. मला फार आवडलं ते. प्रत्येक वेळी मशीनमधला आवाज सांगतो, श्वास घ्या, रोखून धरा. बाहेर आल्यावर तुझे वडील किती खूश! "माका श्वास रोखूक शिकवतत! त्या पोराक सांगलंय, तुझा मशीन दमतला, मी नाय."

मी घाबरले आहे का? आहे. पण एखादी गोष्ट समजली की माझी भीती थोडी कमी होते, म्हणून दिसेल त्याला विचारत सुटले आहे. यांनी बजावलं आहे, "मिहीराक कळवू नको." मी मान हलवली. कशी हलवली ते त्यांनी पाहिलं नाही.

आई


देवबाग, २५ सप्टेंबर

मिहीर,

उत्तर नाही. ठीक आहे. न वाचता पुसून टाकणारा तू नाहीस, एवढं मला पुरतं.

आज मी जे पाहिलं ते तू पाहायला हवं होतंस. तू लहानपणी घरातला रेडिओ खोलून बसायचास ना, तसा तिथे रमला असतास. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर नीरजा म्हणून आहेत, म्हापशाच्या. माझे प्रश्न संपेनात तेव्हा त्यांनी मला सरळ त्यांच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर बाबांचं लिव्हर! कॉम्प्युटरने स्कॅनच्या शेकडो चकत्या एकत्र करून ते उभं केलेलं. धमन्या लाल, शिरा निळ्या, गाठ पिवळी. माऊस फिरवला की तेही फिरतं, पाठीमागून बघता येतं, आत शिरता येतं. लिव्हरचे आठ भाग असतात आणि प्रत्येकाला रक्ताचा आपला आपला देठ असतो, हे मी वर्गात कधी शिकवलंच नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. फणसातला गरा कसा बुडापासून अख्खा सुटतो, तसा एक भाग देठापासून सोडवून काढता येतो. बाकीचे भाग आपले जिवंत राहतात.

मग डॉक्टर नीरजांनी पडद्यावर रेघ ओढली आणि लिव्हर कापलं. खाली आकडा आला, एवढं जाईल, एवढं उरेल. दुसरी रेघ ओढली, दुसरा आकडा. माणसाला हात लावायच्या आधी हवं तितक्या वेळा सुरी चालवून बघायची! आमच्या प्रयोगशाळेतल्या बेडकांना ही सोय नव्हती, बिचारे पहिल्या फटक्यात गेले.

आणखी एक गंमत. गाठीच्या कडेचा पोत कॉम्प्युटर तपासतो. आपल्या डोळ्यांना नुसतं करडं दिसतं, त्याला त्यात बारीक फरक दिसतात. आधी पाहिलेल्या कितीतरी गाठींशी ताडून तो सांगतो, हिच्या पेशी आसपासच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरल्या असण्याची शक्यता किती. त्यावरून सर्जनला कळतं, कापताना कडेला किती जागा सोडायची. मी म्हटलं, "म्हणजे हा भविष्य सांगतो?" तर म्हणाल्या, "नाही काकू, अंदाज सांगतो. चुकतोसुद्धा. म्हणून तर त्याच्या शेजारी मला बसवलंय."

पुढचा हिशोब अजून व्हायचा आहे. झाला की कळवीन. बरं, सहज विचारते, तुझा रक्तगट ओ आहे ना? आणि तिकडे बंदरावर उतरलास की दारूबिरू घेत नाहीस ना? हेही सहजच.

आई


देवबाग, ३ ऑक्टोबर

मिहीर,

"ओ पॉझिटिव्ह. का?" एवढंच लिहिलंस, तरी मी ते पडवीत बसून पुन्हा पुन्हा वाचलं. तू विचारलंस तर आता खरं सांगते.

मागच्या पत्रात हिशोब व्हायचा आहे असं लिहिलं, ते खोटं. तो माझ्यासमोरच झाला होता. पडद्यावर ती पिवळी गाठ मधल्या मोठ्या निळ्या शिरेला चिकटून बसलेली दिसते. ती शीर वाचत नसेल तर तिच्या आधाराने जगणारा लिव्हरचा मोठा तुकडा काढावा लागतो, आणि मग मागे जेमतेम पाव भाग उरतो. निरोगी माणसाचं तेवढ्यावर कसंबसं भागतं, कारण लिव्हर पुन्हा वाढतं. यांच्या लिव्हरवर त्या काविळीने वण करून ठेवलेत, त्यामुळे यांना चाळीस टक्के तरी हवं. सर्जन डॉक्टर कामत सरळ माणूस. म्हणाले, "मीटिंगमध्ये सगळे मिळून पुन्हा बघू, पण चित्र असंच राहिलं तर मी कापणार नाही. ऑपरेशन पार पडेल, आणि उरलेलं लिव्हर आठवड्यात हात टेकेल." उरलेला भाग आधीच वाढवून घ्यायची एक युक्ती असते, तीही मी विचारली. वणांमुळे त्याचा भरवसा देत नाहीत. राहतो एकच रस्ता, घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा भाग द्यायचा. यांना ओ गटाचाच लागतो. माझा बी.

म्हणून विचारलं होतं रे.

परत येताना गाडीत यांचा आवाज चढला. "मिहीराचा नाव काढलंस तर बघ. पोराक कापून माका जगूचा नाय." शिवाने मुकाट्याने काच खाली केली आणि रस्त्याकडे बघत राहिला.

मला राग येतो, तुम्हा दोघांचाही. दोन वर्षांपूर्वी तू सिंगापूरहून मनगटावर बांधायचा, पाण्याखाली किती खोल नि किती वेळ ते मोजणारा तो डायव्ह कॉम्प्युटर आणलास. तो वर या म्हणून शिट्ट्या मारत होता आणि हे खालीच बसून राहिले. वर आल्यावर तू पर्यटकांसमोर ओरडलास, म्हणून यांनी तो काढून दर्यात भिरकावला. तू त्याच संध्याकाळी बॅग उचललीस. काळजीपोटी ओरडलास हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना ते कळलंय हे तुलाही ठाऊक होतं. तरी सुट्टीवर आलास की तू पनवेलला मित्राकडे राहतोस आणि हे इथे तुझी पायात घालायची फिन्स दर महिन्याला गोड्या पाण्याने धुऊन ठेवतात. मी तुमच्या दोघांमध्ये बसून जेवते. कंटाळा आलाय मला त्याचा.

मी मागत नाही तुझ्याकडे काही. लेकाच्या पोटावर सुरी फिरवून नवरा वाचवा, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण न सांगता गप्प बसले आणि यांचं काही बरंवाईट झालं, तर तू मला आयुष्यात माफ करणार नाहीस. म्हणून सांगितलं.

आई


देवबाग, १३ ऑक्टोबर

मिहीर,

तुझं पत्र मिळालं. "बदली माणूस मागितला आहे. फुजैरा बंदरात उतरतो. तपासण्या गोव्यातच करू. त्यांना विचारत बसू नकोस." वाचून मी भांडी घासायच्या नळाखाली तोंड धरून रडले. तुझा मला फार अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

पण आता लगेच जहाज सोडायची सही करून मोकळा होऊ नकोस. परवा एक भलतंच निघालं आहे.

दुपारी डॉक्टर नीरजांचा फोन. "काकू, स्पीकरवर टाका. मला काकांशी बोलायचंय. काका, मशीनने श्वास रोखा म्हटल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत?"

यांना वाटलं, शाबासकी द्यायला फोन केलाय. झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. "काय म्हणजे? रोखलंय! पयल्या वेळेक छाती भरून घेतलंय. दुसऱ्या वेळेक अर्धो सोडलंय आणि मगे धरलंय."

"अर्धा का सोडलात?"

"अवो, तशीच रीत आसा. पयली बुडी बघूची, दुसरी कामाची. कालवां काढूक तळाक बसूचा लागता. छाती भरलेली आसली तर पाणी वर ढकलता, बसूक गावत नाय. अर्धो सोडलो की माणूस थंयच रवता."

मग डॉक्टर हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "काका, दोन चित्रांच्या मध्ये तुमचं लिव्हर चार बोटं सरकलंय."

आता हे नीट समजून घे, मला समजायला अर्धा दिवस लागला. फुप्फुसांच्या खाली पडदा असतो आणि पडद्याखाली लिव्हर. छाती भरली की पडदा लिव्हरला खाली दाबतो, सोडली की ते वर येतं. यांची गाठ पहिल्या चित्रात उठून दिसते, धमन्या उजळतात तेव्हाच्या. मोठी शीर दिसते दुसऱ्या चित्रात. कॉम्प्युटर दोन्ही एकावर एक ठेवतो. माणसं थोडाफार कमीजास्त श्वास घेतातच, तेवढं तो सांभाळून घेतो. पण उभा जन्म बुड्या मारलेली अशी छाती त्याला कुठून ठाऊक असणार? त्याने पहिल्या बुडीतली गाठ उचलून दुसऱ्या बुडीतल्या शिरेला नेऊन चिकटवली. मीटिंगची तयारी करताना डॉक्टर नीरजांना दिसलं, बरगड्या एकावर एक चपखल बसल्यात, लिव्हरची खालची कड मात्र दुहेरी. तिथे त्या अडल्या.

मी घाईघाईने विचारलं, "म्हणजे गाठ शिरेपासून लांब आहे?" तर म्हणाल्या, "मी तसं म्हटलेलं नाही, काकू. ती नक्की कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही, एवढंच आज कळलं. पुन्हा स्कॅन करू. आणि या वेळी काकांना सांगा, साधा श्वास. हलकेच सोडायचा आणि थांबायचं. प्रत्येक वेळी तेवढाच."

मिहीर, तुझ्या वडिलांना साधा श्वास येत नाही! पलंगावर निजवते आणि मशीनचा आवाज काढून सांगते, "श्वास सोडा. थांबा." की यांची छाती आधी ढोलासारखी फुगते. पोटावर हात ठेवून बसते मी, दर वेळी हात वेगळ्याच ठिकाणी पोचतो. शेवटी वैतागून उठून बसले. "साधो श्वास म्हणजे किती, ता तरी सांग! तू घेतंस तितको?" मी म्हटलं, हो, मी घेते तितका. मग माझ्याकडे बघत माझ्याबरोबर श्वास घ्यायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने माझं असं ऐकल्याचं मला आठवत नाही. मला हसू येत होतं आणि रडूही.

त्यातच मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सांगितलं होतंस विचारू नकोस, मी विचारलं नाही, नुसतं वाचलं. ओरडतील म्हणून तयारीत होते. ओरडले नाहीत. उठून खाडीच्या बाजूला गेले आणि पाण्याखाली श्वास घ्यायचा तो रेग्युलेटर, स्वच्छच होता, तो पुन्हा पुसत बसले. रात्री जेवताना विचारलं, "खंय पोचलो तो?" मोबाईलवरच्या नकाशात मी तुझं जहाज दाखवलं. समुद्रातला तो हिरवा बाण त्यांनी बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. आतला माणूस दिसेल असं वाटत होतं की काय कोण जाणे.

तू फुजैराला उतरायचं की नाही, ते स्कॅन झाल्यावर कळवते. तोवर थांब.

आई


देवबाग, २६ ऑक्टोबर

मिहीर,

गाठ शिरेपासून सुटी आहे. चांगलं बोटभर अंतर आहे मध्ये. मी स्वतः पाहिलं.

दिवाळी झाली आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन. हे आत गेले तेव्हा मी काचेतून दिसेन अशी उभी राहिले. मशीनमधला आवाज बोलला की हे मान किंचित वळवून माझ्याकडे बघायचे. मी हलकेच श्वास सोडून थांबायची, तसे हे. तिन्ही वेळा. तंत्रज्ञ पोरगा म्हणाला, "काकू, मान हलवायची नसते." पण पोट हललं नव्हतं, चित्रं एकमेकांवर बरोबर बसली.

डॉक्टर नीरजांनी पुन्हा रेघ ओढली. आता उजवीकडचा मागचा भाग तेवढा जाईल, मोठी शीर जागच्या जागी, आणि दोन तृतीयांश लिव्हर उरेल. कडेच्या पोतावरून कॉम्प्युटर म्हणतो, पेशी बाहेर शिरल्याची शक्यता कमी. कमी म्हणजे नाहीच असं नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी दोनदा ऐकलं. तरी डॉक्टर कामत कडेला जास्त जागा सोडून कापणार आहेत. ऑपरेशन मोठंच आहे, वणांचं लिव्हर आहे, काहीही होऊ शकतं. मी तुझ्यापासून आता काही लपवत नाही.

तर तुझं लिव्हर आता कुणाला नको. कॅप्टनला जे कारण सांगितलंस ते संपलं. फुजैराला बदली माणूस आला असेल तर त्याला माघारी पाठव, नाहीतर यायला दुसरं कारण शोध. हे वाचून तुला सुटल्यासारखं वाटलं तर त्यात गैर काही नाही. मलाही वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं, कारण या निमित्ताने तू आला असतास, आणि आता तुला बोलवायला माझ्या हातात काहीच उरलं नाही. दुखणं बरं होण्याच्या वाटेला लागलं म्हणून हळहळणारी मीच पहिली बायको असेन.

एक गोष्ट मात्र सांगते, मग तू आणि तुझा कॅप्टन बघून घ्या. काल डॉक्टर कामत ऑपरेशनचं सगळं समजावून देत होते. सहा-सात तास लागतील, मध्ये निर्णय घ्यायची वेळ येऊ शकते, दोन माणसं तरी बाहेर हवीत. "कोण असेल बाहेर?" मी विचारात पडले. शिवाचं नाव सांगणार होते. तेवढ्यात हे म्हणाले, "माझी बायल आणि झील."

डॉक्टरांनी विचारलं, "मुलगा कुठे असतो?" हे म्हणाले, "दर्यार आसा. येतलो." मी यांच्याकडे पाहत राहिले. यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, भिंतीवरच्या लिव्हरच्या तक्त्याकडे बघत बसले, कान लाल करून.

गाडीत मी म्हटलं, "तेका विचारलास तरी?" तर म्हणाले, "विचारूचा काय त्यात?"

मिहीर, ऑपरेशन चार नोव्हेंबरला सकाळी आहे. तुझे वडील डॉक्टरांसमोर तुझ्या नावाने शब्द देऊन बसले आहेत. त्यांना खोटं पाडायचं की नाही, ते तू ठरव.

आई